जुन्या मोटरसायकलची बॅटरी घेण्याआधी तिचे चार्जिंग मोजा

विदर्भातल्या खेड्यांमध्ये राजदूत, येझदी, जुनी बुलेट आणि आरएक्स १०० या गाड्या आजही वावरात जाण्यासाठी, आठवडी बाजारासाठी आणि तालुक्याच्या कामासाठी वापरात आहेत. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला आणि आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. त्यामुळे या गाड्यांना मुळात कोणती बॅटरी होती हे दुकानात विचारले, तर बहुतेक वेळा नेमके उत्तर मिळत नाही. काउंटरवर जी असते आणि गाडीतल्या बॅटरीच्या खोक्यात जी मावते, ती दिली जाते. ती वर्षभरात निकामी झाली की कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची घेतली जाते. खरे तर बॅटरी वीज तयार करत नाही, ती फक्त साठवते. तिला रोज किती आणि कशी वीज मिळते, हे गाडीचा डायनामो किंवा मॅग्नेट (इंजिनावर वीज तयार करणारा भाग) आणि त्यामागचा रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) ठरवतो. म्हणून जुन्या गाडीची बॅटरी निवडताना पहिली तपासणी गाडीच्या चार्जिंगची व्हायला हवी आणि दुकानाची पायरी त्यानंतर चढायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात गाडी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, या प्रश्नाने करावी. शिसे आणि आम्ल असलेल्या बॅटरीचा एक सेल साधारण २ व्होल्टचा असतो. तीन सेल जोडले की ६ व्होल्ट आणि सहा जोडले की १२ व्होल्ट मिळतात, म्हणून पाणी भरायची तीन झाकणे दिसली तर बॅटरी ६ व्होल्टची आणि सहा दिसली तर १२ व्होल्टची, ही खूण पक्की आहे. मात्र खोक्यात आज जी बॅटरी आहे तिच्यावर विसंबू नये, कारण तीन-चार हात फिरलेल्या गाडीत कोणी काय बसवले असेल याचा नेम नसतो. हेडलाइटचा आणि मागचा बल्ब काढून त्यांच्या टोपीवर छापलेले व्होल्ट वाचावेत, हॉर्न आणि इग्निशन कॉइलवरचा आकडाही पाहावा, आणि हे सगळे एकमेकांशी जुळते का ते तपासावे. ६ व्होल्टच्या गाडीत नुसती १२ व्होल्टची बॅटरी ठेवली, तर बल्ब उडतात आणि बॅटरी कधीच भरत नाही, कारण ६ व्होल्टचा रेग्युलेटर ७ व्होल्टच्या आसपास थांबतो आणि १२ व्होल्टची बॅटरी भरायला किमान साडेतेरा-पावणेचौदा व्होल्ट लागतात. गाडी खरोखर १२ व्होल्टची करायची असेल, तर वीज तयार करणाऱ्या भागापासून कॉइल, हॉर्न, फ्लॅशर आणि प्रत्येक बल्बपर्यंत सगळे बदलावे लागते. तो निर्णय वेगळा आणि खर्चाचा आहे. बॅटरी बदलताना जाता जाता उरकण्याचे ते काम नव्हे.

दुसरा प्रश्न असा की बॅटरीकडून तुमची गाडी नेमके कोणते काम करून घेते. या गाड्या किकने सुरू होतात, त्यामुळे सेल्फ मारण्यासाठी लागणारा प्रचंड करंट द्यायची वेळ बॅटरीवर येत नाही, आणि बॅटरीच्या डब्यावर सेल्फच्या ताकदीचा जो मोठा आकडा छापलेला असतो, त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा संपर्क) असलेल्या बुलेटमध्ये आणि जावा-येझदीच्या बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये मात्र ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून येते, म्हणून तिथे बॅटरी उतरली की किक मारून पाय दुखतो तरी इंजिन दाद देत नाही. याउलट आरएक्स १०० सारख्या गाडीत ठिणगीची वीज थेट मॅग्नेटच्या कॉइलमधून येते आणि बॅटरी हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट एवढेच सांभाळते. तिथे लहान बॅटरी पुरते. इथे एक इशारा द्यायला हवा. अशी गाडी बॅटरीवाचूनही सुरू होते म्हणून अनेक जण बॅटरी काढून टाकतात आणि तारा तशाच लोंबत ठेवतात. पण साध्या रेक्टिफायरच्या (मॅग्नेटची उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेने वळवणारा भाग) जुन्या गाड्यांत वाढणारा व्होल्टेज दाबून धरण्याचे काम बॅटरीच करत असते, आणि ती नसली की रेस केल्याबरोबर तिच्यावर चालणारे बल्ब उडू लागतात.

आता क्षमतेकडे वळू. बॅटरीवर ४, ५ किंवा १२ असा जो अँपिअर-अवरचा आकडा असतो, तो मोटरसायकलच्या बॅटरीत सहसा दहा तासांच्या हिशोबाने दिलेला असतो. म्हणजे ५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी अर्धा अँपिअर करंट सुमारे दहा तास देईल. करंट वाढला की हा हिशोब तेवढ्याच प्रमाणात न राहता आणखी घसरतो. समजा, ६ व्होल्टच्या गाडीत हेडलाइट २५ वॅटचा आणि मागचा बल्ब ५ वॅटचा आहे. एकूण ३० वॅटला ६ ने भागले की ५ अँपिअर येतात. म्हणजे डायनामो चार्जिंग करत नसेल, तर ४ अँपिअर-अवरची बॅटरी पाऊण तासही हा दिवा नीट जाळू शकणार नाही. हेच ३० वॅट १२ व्होल्टच्या गाडीत अडीच अँपिअर घेतात. स्वतःच्या गाडीचे वॅट मोजून हा भागाकार एकदा कागदावर करून पाहिला, म्हणजे रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाला आपली बॅटरी किती वेळ साथ देईल याचा अंदाज येतो.

यावरून सरळ वाटते की मग मोठीच बॅटरी घ्यावी. मोठी बॅटरी गाडीला अपाय करत नाही हे खरे, पण मोठा हौद बांधला म्हणून विहिरीवरची मोटर जास्त पाणी फेकत नाही. गाव ते वावर असा दोन-तीन किलोमीटरचा पांदण रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कापणाऱ्या गाडीचा डायनामो कमी फेऱ्यांवर जेमतेम वीज देतो. ती बॅटरी अर्धी भरते आणि अर्धीच राहते. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे पांढरट, टणक थर बसतात आणि एकदा ते घट्ट झाले की चार्जिंगने पुरते जात नाहीत. म्हणून मूळ क्षमता किंवा तिच्याहून थोडी जास्त, एवढ्यावर थांबावे. मूळ क्षमतेपेक्षा बरीच लहान बॅटरी घेणेही चुकीचे आहे, कारण जुने चार्जिंग तिला झेपेल त्याहून जास्त करंट देऊ शकते आणि ती उकळते.

चार्जिंग मोजण्यासाठी काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे तो पान्ह्यांच्या संचात असावा. आधी गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहावा. १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी उतरलेली आहे, आणि १२ च्या खाली असेल तर जवळपास रिकामी आहे. ६ व्होल्टच्या बॅटरीसाठी हे आकडे निम्मे समजावेत. त्यानंतर इंजिन सुरू करून, मीटर तसाच लावलेला ठेवून हळूहळू रेस वाढवावी. १२ व्होल्टच्या गाडीत मधल्या रेसला १३.८ ते १४.४ आणि ६ व्होल्टच्या गाडीत साधारण ७ ते ७.२ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग निरोगी आहे. रेस वाढवूनही आकडा जागचा हलत नसेल, तर डायनामोचे कार्बन (फिरत्या भागाला घासून वीज बाहेर आणणारे तुकडे) झिजले आहेत, कटआउट (डायनामो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटत नाही किंवा मॅग्नेटची चार्जिंग कॉइल गेली आहे, आणि अशा गाडीत कितीही महागाची बॅटरी टाकली तरी ती काही दिवसांत उतरणारच. आकडा १५ च्या वर किंवा ६ व्होल्टच्या गाडीत साडेसातच्या वर जात असेल, तर उलटा दोष आहे: नवी बॅटरी पाणी उकळून कोरडी होईल. हीच तपासणी हेडलाइट आणि ब्रेकलाइट लावून पुन्हा करावी, कारण दिवसा ठीक दिसणारे चार्जिंग रात्री दिव्याच्या भाराखाली कोसळते, आणि बॅटरीची खरी कसोटी तिथेच लागते. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या टोपणावर जो अँपिअर दाखवणारा लहान मीटर असतो, तो चालू असेल तर दिवा लावून चालत्या गाडीत त्याचा काटा उणे बाजूला (बॅटरी उतरते आहे) झुकतो की अधिक बाजूला (भरते आहे), एवढे पाहिले तरी बरेच कळते.

याच वेळी जोडण्याही पाहाव्यात. ६ व्होल्टच्या गाडीत हा मुद्दा फार मोठा आहे. गंजलेल्या अर्थिंगमध्ये, म्हणजे चॅसीला जोडलेल्या तारेत, अर्धा व्होल्ट वाया गेला, तर १२ व्होल्टच्या गाडीत तो सुमारे चार टक्के असतो, पण ६ व्होल्टच्या गाडीत आठ टक्क्यांहून जास्त; आणि तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटत असल्यामुळे तेवढ्या घसरणीत ६ व्होल्टच्या दिव्याचा जवळजवळ पाव उजेड जातो. दिवा मंद झाला म्हणून बॅटरी बदलणाऱ्यांपैकी अनेकांचे काम चॅसीवरचा रंग खरवडून अर्थिंगची तार घट्ट बसवल्याने आणि फ्यूजची टोके पॉलिश पेपरने घासल्याने भागले असते.

विदर्भात बॅटरीचा विचार उन्हाळा सोडून करताच येत नाही. बॅटरीचे सगळे छापील आकडे २५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे असतात, आणि अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी किंवा नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. टिनाच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीच्या लोखंडी खोक्यात तापमान याहूनही जास्त असते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिले, तर तिचे आयुष्य साधारण निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. शिवाय गरम बॅटरीला कमी व्होल्टेजवर भरावे लागते: दर सेलमागे दर अंशाला सुमारे ३ मिलिव्होल्ट या हिशोबाने, २५ वरून ४५ अंशांवर गेल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीचे चार्जिंग जवळपास ०.३६ व्होल्टने खाली यायला हवे. जुन्या गाडीचा रेग्युलेटर ही काळजी नेमकेपणाने घेत नाही. म्हणून हिवाळ्यात १४.४ व्होल्टवर सुखाने चालणारी बॅटरी वैशाखात त्याच १४.४ वर पाणी उडवू लागते. गाडी सावलीत उभी करणे, दुपारच्या उन्हात सीटखालचा भाग तापत ठेवू नये एवढी काळजी घेणे, हे बॅटरीसाठी कोणत्याही जाहिरातीतल्या गुणापेक्षा मोलाचे आहे.

आता प्रकार निवडणे सोपे जाईल. पाण्याची, म्हणजे झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर टाकता येणारी बॅटरी आजच्या जाहिरातींत मागे पडली असली, तरी डायनामो आणि कटआउट असलेल्या ६ व्होल्टच्या गाडीसाठी माझी पहिली पसंती तिलाच आहे, कारण थोडे जास्त चार्जिंग झाले तर तिचे फक्त पाणी उडते आणि ते परत भरता येते. मेंटेनन्स फ्री म्हणून मिळणाऱ्या बंद बॅटरीत आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेले असते; ती सांडत नाही, कंपने चांगली सोसते, आणि पडून राहिली तरी सावकाश उतरते, त्यामुळे पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यांमुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ती सोयीची आहे. पण तिचा व्हॉल्व्ह एकदा जास्त चार्जिंगने उघडला आणि आतले पाणी गेले, की ते परत टाकायची सोय नसते. म्हणून मीटरवर वर सांगितलेले आकडे पक्के दिसत असतील तरच ती घ्यावी. लिथियमची बॅटरी वजनाला हलकी असते, पण तिच्या आतले संरक्षण सर्किट जास्त व्होल्टेज आला की जोडणी तोडते, आणि चालत्या जुन्या गाडीत अशी जोडणी तुटली की सगळा वाढीव व्होल्टेज बल्बांवर जातो. नवा, भरवशाचा रेग्युलेटर बसवलेला नसेल, तर शेतावरच्या गाडीला ती घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक प्रकार सर्रास दिसतो. बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी काढून मोटरसायकलला लावली जाते, आणि ६ व्होल्टच्या गाडीला वजनकाट्यातली किंवा इमर्जन्सी लाइटमधली साडेचार अँपिअर-अवरची बॅटरी बसवली जाते, कारण या बॅटऱ्या प्रत्येक बाजारगावात मिळतात आणि स्वस्त असतात. अडल्या वेळी हे चालते. मात्र या बॅटऱ्या सावकाश चार्जिंगसाठी बनवलेल्या असतात. साडेचार अँपिअर-अवरच्या बॅटरीला सहसा दीड अँपिअरच्या आतच सुरुवातीचा करंट सोसतो. त्यांची चपटी पत्र्याची टोके बोल्टने आवळता येत नाहीत, आणि बुलेटसारख्या एकाच सिलिंडरच्या गाडीच्या हादऱ्यांनी त्यांवरची क्लिप सैल होऊन ठिणग्या पडतात. अशी बॅटरी ठेवायचीच असेल तर चारही बाजूंनी रबर घालून ती पट्ट्याने करकचून आवळावी, तारेत फ्यूज असावा, आणि ही तात्पुरती सोय आहे हे ध्यानात ठेवावे.

माप घेताना खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये लिहून न्यावी. बॅटरीवरचा सांकेतिक क्रमांक वाचायला सोपा असतो: ६एन४ म्हणजे ६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर, १२एन५ म्हणजे १२ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर, आणि पुढची अक्षरे टोकांची जागा व वाफेच्या नळीची बाजू सांगतात. ६एन४ सुमारे ७० बाय ७० मिलिमीटरची आणि ९६ मिलिमीटर उंच असते, तर १२एन५ साधारण १२० बाय ६० मिलिमीटरची आणि १३० मिलिमीटर उंच. उंचीत थोडीही चूक झाली तर लोखंडी झाकण बॅटरीच्या टोकांना टेकून शॉर्ट होते. ब्रिटिश घराण्याच्या जुन्या गाड्यांमध्ये बॅटरीचे अधिक (+) टोक चॅसीला जोडलेले असू शकते, म्हणून जुनी बॅटरी काढण्यापूर्वी कोणती तार चॅसीकडे जाते याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. उलटी जोडणी क्षणभर झाली तरी रेक्टिफायर जळतो. काढताना चॅसीची तार आधी सोडावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पान्हा फ्रेमला लागला तरी ठिणगी उडत नाही.

दुकानात बॅटरीची उत्पादन तारीख पाहून घ्यावी, आणि आम्ल वेगळ्या बाटलीत मिळणारी कोरडी बॅटरी मिळाली तर ती पसंत करावी, कारण आम्ल पडेपर्यंत तिचे वय फारसे वाढत नाही. आम्ल भरल्याबरोबर ती दिवा लावून दाखवते आणि ग्राहकाला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात त्या वेळी ती पूर्ण भरलेली नसते. अर्धा तास आम्ल मुरू द्यावे, मग क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या करंटने, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरने, काही तास पहिले चार्जिंग द्यावे. इथेच बाजारगावच्या चार्जिंगच्या दुकानात घात होतो. तिथे ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या एकाला एक जोडून एका ओळीत लावलेल्या असतात, आणि अशा ओळीतल्या प्रत्येक बॅटरीतून तितकाच करंट जातो. तुमची तळहाताएवढी बॅटरी त्या ओळीत लावली, तर ट्रॅक्टरच्या बॅटरीला मानवणारे ५-६ अँपिअर तिच्या वाट्याला येतात, ती काही वेळात हाताला चटका देण्याइतकी तापते आणि प्लेटा वाकतात. दुकानदाराला वेगळ्या लहान चार्जरवर लावायला नम्रपणे पण ठामपणे सांगावे. नव्या बॅटरीच्या वाफेच्या नळीच्या तोंडावर एक लहान रबरी बूच असते. ते काढल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, कारण आत कोंडलेल्या वायूने डबा फुटू शकतो. नळी मात्र सायलेन्सर आणि चेन टाळून खालपर्यंत न्यावी.

पुढे फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकावे, आम्ल पुन्हा टाकू नये. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हे विशेष जपावे लागते, कारण तिथल्या विहिरीच्या पाण्यातले क्षार आणि क्लोराइड बॅटरीच्या प्लेटा खातात. गाळलेले किंवा उकळलेले पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यातले मीठ तसेच राहते. उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पातळी पाहावी, आणि गाडी उभी राहणार असेल तर महिन्यातून एकदा बॅटरी काढून सावकाश भरून ठेवावी, कारण उष्णतेत ती आपोआप लवकर उतरते.

जुनी बॅटरी आम्लासकट दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला भाव असल्यामुळे नव्या बॅटरीच्या किमतीत बहुतेक दुकानदार वजावटही देतात. आम्ल ओतून टाकून फक्त शिसे भंगारात देणाऱ्यांनी ते आम्ल धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नये, कारण त्याच्यासोबत विरघळलेले आणि गाळात बसलेले शिसेही जमिनीत जाते.